नांदेडचा ताड, लातूरची फळं

माघ व. ४
शेजारच्या अण्णांनी बांधावरचा ताड तोडायचं ठरवलं. विहिरीनं तळ दाखवला, आणखी खोदायची. माती वर ओढायला आडवं लाकूड पाहिजे. "इतकी वर्सं झाली, एक फळ न्हाई. नुसता उंच होऊन राहिलाय." मी मान हलवली. हे वर्णन निम्म्या देगलूरला लागू पडतं, ते बोललो नाही.

माघ व. ६
अण्णांची धाकटी बहीण नागाबाई ओढा ओलांडून आली. पलीकडे तिचं सासर, आता नव्या लातूर जिल्ह्यात. (घर तेच, नवरा तोच, जिल्हा तेवढा नवा, म्हणते.) शेतात यंदा काही नाही, उन्हाळ्याची सगळी भिस्त तिच्या पाच ताडांच्या ताडगोळ्यांवर. तिचं म्हणणं, अण्णांचा ताड वांझ नव्हे, नर आहे. त्याच्यामुळंच तिच्या पाचांना फळ धरतं.
"माझ्या बांधावर उभा ऱ्हाऊन तुझ्या झाडांचा संसार कसा करतो गं तो?"
"वाऱ्यानं, अण्णा."
मी पेपरात लिहितो, म्हणून अण्णा माझ्याकडे वळले. पाठशाळेत वायू म्हणजे प्राण एवढंच शिकलो. टपालही त्याच्याकडेच, हे आज कळलं.

माघ व. ९
उदगीरहून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणले. ओढ्याकाठानं दु. पर्यंत हिंडले. आसपास नर हा एकच. पण वारा पराग किती लांबून आणतो ते नक्की नाही. कोसावरचा दुसरा एखादा नरही बाप असेल. म्हणजे फळाची आई समोर, बाप अनुमानानं. सहाही झाडांची पानं आणि नागाबाईच्या झाडांखाली पडलेल्या गेल्या सालच्या बिया घेतल्या, प्रयोगशाळेत नातं लावून बघतो म्हणाले. कधी कळंल? वर्षभरानं. अण्णांनी विहिरीकडे पाहिलं, नागाबाईनं झाडांकडे.

माघ व. १२
माझी बातमी छापून आली : लातूरची फळं नांदेडच्या वाऱ्यावर. पलीकडचे सरपंच भडकले. नव्या जिल्ह्याला स्वतःचा कलेक्टर मिळतो, तर स्वतःचा नर का नको? रोपं लावायचा ठराव. नर की मादी हे तुरा येईपर्यंत, म्हणजे बारा-पंधरा वर्षं कळत नाही, असं मी निरोप धाडून कळवलं. ठराव एकमतानं मंजूर.

फाल्गुन शु. १
नागाबाईनं आपल्या पाचांतल्या सगळ्यात जास्त फळणाऱ्या ताडाला चुना फासला. "हा तोड अण्णा. तुझा राहू दे."
अण्णा कुऱ्हाड घेऊन पलीकडे गेले. झाडाखाली एक बिडी ओढली. वर बघितलं. कुऱ्हाड खांद्यावर टाकून तसेच परत.

फाल्गुन शु. ३
अण्णांच्या ताडाचे तुरे उमलले. हात लावला की पिवळी भुकटी. विहिरीचे गडी उद्या येणार, लाकडाचा पत्ता नाही. अण्णा सकाळपासून बांधावर, धोतराचा सोगा हवेत धरून. वारा पश्चिमेचा, सगळा माल बिलोलीकडे चाललाय. लातूर उलट्या अंगाला.
मला बघून म्हणाले, "गड्यांला सांग, परवा या म्हणावं. वारा फिरतो का बघून राहिलो."