तुला नाही खुलत

प्रिय आई,

दर वेळी ‘तीर्थस्वरूप’ लिहिते, आज हात वळला नाही. विक्रोळीहून घाटकोपरला पत्र कशाला, रोज सकाळी रेवतीला सोडायला दारात येतेसच की, असं तू म्हणशील. पण दारात मला मरोळच्या बसची घाई असते, आणि समोर बसून बोलायला लागले की तू डोळ्यांना पदर लावतेस नि मी गप्प होते. आजवर असंच होत आलंय. म्हणून लिहून टाकते.

रेवतीसाठी शिवलेला बदामी फ्रॉक मिळाला. शिवण नेहमीसारखी सुरेख आहे. त्याआधीचा मोतिया, त्याआधीचा आभाळी, तेही सुरेखच होते. फिक्या रंगांची तुझ्याइतकी पारख आपल्या नात्यागोत्यात कुणाला नसेल. माझं अख्खं लहानपण तू त्यातच घालवलंस. आम्ही दोघी बहिणी, पण कुंदा गोरी, म्हणून तिला डाळिंबी परकर-पोलकं. मी सावळी, म्हणून मला त्याच दुकानातून भाताच्या पेजेचा रंग. मी कॉलेजात जायला लागले तेव्हाची गोष्ट तुला आठवते का? दुकानदार लाल साडी उलगडून माझ्या खांद्यावर टाकायला लागला, तर तू त्याचा हात अडवलास. “हिला नाही हो खुलत, तिच्यावर टाका.” गच्च भरलेलं दुकान होतं, सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. कुंदाने साडी घेतली आणि मी पिशव्या धरून उभी राहिले.

नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा एकटीने साडी घेतली, चांगली भडक राणी रंगाची. ती नेसून ऑफिसात गेले तर शेजारच्या टेबलावरची मालन ओरडलीच, “काय गं, आज एकदम झकास! लग्न ठरलं की काय?” ठरलंबिरलं काही नव्हतं. फक्त त्या दिवशी साहेबांनी हाक मारली तेव्हा मी खुर्ची मागे सरकवून सरळ उठले आणि सगळ्यांच्या मधून चालत गेले. एरवी भिंतीच्या कडेने जायची. कुणी बघू नये म्हणून नेसायचं आणि मग कुणी बघत नाही म्हणून झुरायचं, असं चाललं होतं माझं. मग मोरपंखी आली, गर्द हिरवी आली, आणि एक दिवस लालही आली. संध्याकाळी तू दार उघडून आधी साडीकडे बघायचीस, मग शेजाऱ्यांच्या दाराकडे. बाई, आत ये लवकर, म्हणायचीस.

दाखवण्याचे कार्यक्रम तर आठवायलाही नकोत. मोतिया साडी आणि तोंडभर पावडर. मानेला लावायला मात्र तू हमखास विसरायचीस! एकामागून एक नकार आले. अनंत बघायला आला त्या दिवशी मी हट्टाने राणी रंग नेसले आणि तू माझ्याशी अबोला धरलास. लग्न ठरल्यावर मी मोठ्या तोऱ्यात त्याला विचारलं, कशी होती साडी? तर म्हणतो, “निळी होती ना गं?” एवढ्या लढाईचं हे फळ. आणि तू अजून सगळ्यांना सांगत असतेस, की पावडरीमुळे जमलं. तेव्हा मी हसले होते. आता नाही हसू येत.

हे तुझ्यात कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. तुझ्या लग्नात लाल शालू ठरला होता. वनमालाआत्याने तो बदलायला लावला, काळीला लाल नेसवलं तर निखाऱ्यातला कोळसा दिसेल म्हणाली. हे तू प्रत्येक हळदीकुंकवाला हसत हसत सांगतेस. हसू कसलं येतं गं तुला त्यात? तुला वाटलं असेल, आपल्या पोरीला लोकांनी बोलायच्या आत आपणच सांभाळून घ्यावं. पण मला बाहेर कुणी फारसं बोललं नाही, आई. जे ऐकलं ते घरात, आणि तुझ्याच तोंडून. आत्या तुला एकदा बोलली. तू मला रोज बोललीस.

काल रेवतीला दिवाळीचा फ्रॉक घ्यायला गेले होते. एक लाल फ्रॉक आवडला, म्हणून तिच्या अंगाला लावून बघितला. तिने दोन्ही हातांनी ढकलला. “लाल नको. मी काळी दिसते. मला नाही खुलत.” अजून शाळेत नीट रमलेली नाही ती, आणि मानेचा झटकासुद्धा तुझाच! दुकानातच माझं डोकं फिरलं. म्हणून सांगते, सोमवारपासून ती तुझ्याकडे येणार नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या जानकीबाई पाळणाघर चालवतात, तिथे राहील. तुझ्या हातच्या मऊभातावर ती वाढली, तू तिला जीव लावलास, हे मी नाकारत नाही. रविवारी आणीन भेटायला, पण मी तिथेच बसेन. बाबांना सांगायचं तर सांग, कुंदाला सांग, मी वाईट ठरेन तर ठरेन. घरी चालत येताना पोरीने माझं बोट ओढलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “आजीपण काळी आहे, तरी मला ती आवडते. चालतं ना गं?” मी चालतं म्हटलं. पण तिला हे विचारावं लागलं, आई.

तुझीच,
सुलक्षणा