जनरलच्या धडावर दुधरामचं तोंड

साडभाऊ हेमेंद्रजी यांस सुखरामचा रामराम.

तुमची तब्येत बरी असन, फुलचूरचे मच्छर कमी झाले असतीन अन् आमच्या साळीबाईचे गुडघे ताळ्यावर आले असतीन, असं धरून लिहून राहिलो. (फोन केला असता, पण आमच्या घरात भिंतीलेही कान आहेत.) इकडे धान निसवलं, म्हैस दूध देते, सारे खुशाल आहेत. एक मीच जळून राहिलो.

आपल्या चौकात जनरल मेघराज तुरकरचा पुतळा बसला. शहरात गेल्यावर माणूस विसरते म्हणून सांगतो, लढाईत यानंच भरल्या नदीत पलटण उतरवली होती. ठाणं जिंकलं, पण अर्धे पोट्टे वाहून गेले. म्हणून अर्धं गाव त्याले वाघ म्हणते अन् अर्धं कसाई. पुतळ्यावर सकाळी हार पडते, संध्याकाळी शेण. मी पहिल्यापासून वाघवाला, काऊन की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत जे नाटक होते, त्यात जनरलचा पार्ट दरसाल माझाच. "उतरा पाण्यात" म्हणून मी गरजलो की समोरच्या बाया तोंडाले पदर लावत. (एकदा हुकूम विसरलो तेव्हा दुधरामनं हळूच सांगितला, पण ते जाऊ द्या.) दुधराम म्हणजे नाटकातला हवालदार. त्याचा पार्ट केवढा, तर "मी उतरत नाही साहेब" म्हणाचं अन् बेड्या घालून पडद्यामागं जाचं.

आता झालं असं, जनरलच्या पोराइनं फोटो दिला नाही. बापाले आणखी शिव्या नको म्हणे. पुतळा समितीचा योगराज डोकेबाज, त्यानं मूर्तिकाराले आमच्या नाटकाचं पोस्टर पाठवलं अन् कळवलं, यातला जनरल पाहून घ्या. पोस्टरवर आमी दोघं. मूर्तिकारानं दोघाइले पाहिलं अन् दुधराम उचलला. मी योगराजले विचारलं, काऊन बाप्पा? तर म्हणते, त्याले वाटलं तू पलटणीचा स्वयंपाकी असशीन. अरे, छातीवर बिल्ले कोणाच्या होते? (ते पोस्टरच्या घडीत गेले, असं म्हणते.)

तेव्हापासून खरा दुधराम पानठेल्यावर पुतळ्यापेक्षा ताठ बसते. शेण पडलं तरी म्हणते, मोठ्या माणसावरच पडते जी. माझ्यावर तर कोणी शेणही फेकत नाही, साडभाऊ. तेही गिळलं असतं. पण तुमची साळी, म्हणजे आमची शकुंतला, रोज वावरात जाताना चौकात थांबते, डोक्यावरची टोपली उतरवते, चप्पल काढते अन् त्या दुधरामले हात जोडते. तेही डोळे मिटून. मी एकदा मुद्दाम वर्दी घालून घरी गेलो होतो, तर म्हणाली, कपडे बदला, म्हैस बुजून राहिली. तिले याचा जाब विचाराचा म्हटलं तर जीभ उचलत नाही. इतकी वर्षं हुकूम सोडले, ते सारे कुठं गेले कोण जाणे.

बाकी ठीक. लहानाइले आशीर्वाद, मोठ्याइले पाया पडणं.

तुमचा सुखराम (असली जनरल)

ता. क. खरं काम राहूनच गेलं. शेणवाल्या पार्टीनं ठरवलं आहे की त्याच चौकात नाही म्हणणाऱ्या हवालदाराचा पुतळा बसवाचा. मी आजपासून त्याइच्यात. पोट्टे बुडवणारा जनरल काय कामाचा? मूर्तिकार तुमच्याच गल्लीत राहते, म्हणून माझा फोटो सोबत जोडला आहे. वर्दी जनरलची आहे, पण तोंड हवालदाराले चालून जाईन.

आणखी एक. पाकीट चिकटवता चिकटवता शकुंतलेले विचारलंच. म्हणाली, "दुधरामले कायले हात जोडू? त्याच्या मागं निंबाखाली मातामाय हाय ना. लग्न होऊन आली तेव्हापासून जोडतो. आता तो ठोंब्या मधात उभा केला, त्याचं तोंड दिसू नये म्हणून डोळे मिटतो. तुमच्याच दुखऱ्या कंबरेसाठी मागून राहिलो मायले. अन् आणखी एक पुतळा मधात आणसान तर पाहा."

तरी फोटो परत पाठवू नका. हवालदार मातामायच्या मागं बसवता येते का, एवढं मूर्तिकाराले विचारा. मधात येणार नाही, अन् जोडलेले हात सरळ माझ्याकडेच येतीन.