यादीतलं नाव

मंगळवार, संध्याकाळ.

आज मतदारयादीवाल्या बाई आल्या. "सचिन इथंच राहतो का?" पोरगा सुरतेला जाऊन सहा वर्षं झाली. एकदाच आला, लोकसभेच्या मतदानाला. नाव भिवंडीतच हाय म्हणून आला.

शेजारची शबाना दारातूनच हसली. "काकी, तुमचा सचिन खासदार झाला काय? पाच वर्षांतून एकदा तोंड दाखवतो!"

"गप गं," म्हटलं. आणि बाईंना सांगितलं, "इथंच राहतो, ड्युटीवर गेलाय." खोटं बोलले. खरं सांगितलं तर नाव कापणार. मग तो येणार कशाला?

मग त्याला फोन लावला. "तुझं नाव ठेवलंय हां यादीत."

"कशाला आई? मी इकडं सुरतेतच घातलंय नाव."

बरं केलंस म्हटलं. जेवलास का, तेवढं विचारलं.