एन्नोरचा झोपलेला साहेब

पेरांबूर, चेन्नई
२ जून २०२५

ती. ऊर्मीताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला तर बाबा शेजारीच असतात, म्हणून कागद. तीन मुलाखती चांगल्या झाल्या, मग कुणी फोनच उचलेना. माझा मित्र नवीन म्हणतो, आधी तुझं पान बघतात, मग तुला. म्हणून इन्स्टा, फेसबुक, सगळं पुसून टाकलं. आता सोमवारी ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात मुलाखत. बाबा निवृत्त झाले, त्यामुळे रेल्वेचं क्वार्टर तीस तारखेला रिकामं करायचंय, आणि वेलचेरीचा घरमालक नेमणुकीचं पत्र बघितल्याशिवाय खोली देत नाही. तिथे पाणी भरतं म्हणे, पण दुसरा मजला आहे. जाताना शेअर ऑटोत एका बाईने मला कोंबडी धरायला दिली... ते राहू दे. ही नोकरी लागायलाच हवी.

माया पातळ करू नकोस.
तुझा तन्मय


सोलापूर
६ जून

चि. तन्मयास अनेक आशीर्वाद.

पान पुसलंस ते बरं, सासूबाईंना तुझे केस तरी दिसणार नाहीत. तीन नोकऱ्या सोडल्यास, ही टिकव बाबा. शर्टाला इस्त्री कर.

तुझा ‘झोपलेला साहेब’ व्हिडिओ आमच्याकडे अजून चालतो. एन्नोरच्या कंपनीत खुर्चीत घोरणाऱ्या तुझ्या अनंतकृष्ण साहेबांमागे उभं राहून तू केलेलं समालोचन आमच्या कौमुदीला तोंडपाठ आहे. माझ्या पानावर टाकला तेव्हा सगळी गल्ली हसली. चेन्नईत मराठी कुणाला कळतंय, हे तुझंच म्हणणं.

बाबांना जप, आम्हाला आठवत जा.
ऊर्मी


पेरांबूर
११ जून

ती. ताईस सा. न.

सगळं जमलं होतं. शेवटी राणोजीराव म्हणून साहेब होते, त्यांनी फोन पुढे धरला. तुझं पान, त्यावर तो व्हिडिओ. माझं पुसलं, तुझं राहिलं. खाली तू हौसेने माझं, अनंतकृष्ण साहेबांचं, कंपनीचं नाव इंग्रजीत लिहिलंयस.

यांना भाषा कुठे कळतेय, असं वाटून मी म्हणालो की अनंतकृष्ण साहेबांचा वाढदिवस होता, गंमत चालली होती. तर ते मराठीत बोलायला लागले. तंजावरकडचे, घरी पिढ्यान् पिढ्या मराठी. हेल तमिळ, शब्द पणजोबांच्या काळातले, पण कळलं सगळं. म्हणाले, “हसण्यासाठी नाही, आत्ताच्या खोट्यासाठी नको म्हणतो.”

बाबांना अजून सांगितलं नाही. रागावू नकोस.
तन्मय


पेरांबूर
२० जून

ती. ताईस सा. न.

तू व्हिडिओ पानावरून काढून टाकलास, आणि माफी मागून ये असं लिहिलंस, म्हणून एन्नोरला गेलो. अनंतकृष्ण साहेब कंपनीत नाहीत. व्हिडिओ वरपर्यंत गेला आणि त्यांना काढलं. घर शोधलं.

तुला एक सांगितलं नव्हतं. व्हिडिओ केला त्या दिवशी मी समुद्रावर भटकत बसलो आणि पाळीला आलोच नाही. स्वतःच्या पाळीनंतर माझी पाळीही त्यांनीच भरली. मी पोचलो तेव्हा ते खुर्चीत झोपले होते, आणि मी फोन काढला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ते नोकरी शोधतायत. त्यांचं स्वतःचं पान कुठेच नाही. नाव शोधलं की आपलाच व्हिडिओ येतो. तू काढून टाकलास, पण लोकांनी आधीच उतरवून घेतलाय.

त्यांनी मला ओळखलं. घरात एकच खुर्ची, ती माझ्यापुढे सरकवली. मी उभाच राहिलो.

बाबा भांडी बांधतायत. कुठे जायचं, ते विचारत नाहीत.

उरला असेल तेवढा लोभ असू दे.
तन्मय