तोंडी परीक्षा

ता. ९, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. साष्टांग म्हणत नाही, कारण या खोलीत आडवं पडायलाही जागा नाही. तुझा गुडघा कसा आहे? मी बरा. शिवणाच्या दुकानात कोटांचा ढीग पडलाय. मालक म्हणतो, तुझी शिलाई बोलते, मग तू का बोलत नाहीस? सगळे हसतात. मीही हसतो.

परीक्षेचं विचारलं होतंस. नापास झालो. दुसऱ्यांदा. तुझ्या भावजयीला कळवलंय की भाषा फार अवघड आहे. पहिली आणि दुसरी, दोन्ही परीक्षा पास झालो की तिला इकडे आणायची परवानगी मिळेल. ती बिचारी सामान बांधून बसलीय.

अगं, भाषा अवघड नाहीये.

पहिल्या वर्गाला आमचे म्हातारे मास्तर आहेत. मी अडकलो की शब्द सापडेपर्यंत गप्प बसून राहतात. कपाळाला आठी नाही. चुकलो तर म्हणतात, "वा, धाडस केलंस!" त्यांच्यापुढे मी इतका बडबडतो की तू मला ओळखणार नाहीस. दुसऱ्या वर्गाला बाई आहेत. मास्तर आजारी होते तेव्हा महिनाभर त्यांनीच आम्हाला शिकवलं. वाईट नाहीत गं, पण मी तोंड उघडायच्या आत उसासा टाकतात. मग येत असलेलंही जायचं, दातखीळ बसायची.

पास झालो की बाईंकडे जायचं. म्हणून तोंडी परीक्षेत सगळं येत असूनही मुंडी खाली घालून बसलो. मुद्दाम की भीतीनं? देवाशपथ, माझं मलाच कळत नाही. शिकायचं तर आहे, पण पुढे जायचं नाही! आहे की नाही शहाणपणा?

काल मास्तर म्हणाले, "दोष माझाच. मला तुला शिकवता आलं नाही. मी वर्ग सोडतोय."

तिथंच जिन्यात सगळं भडाभडा सांगून टाकलं, त्यांच्याच भाषेत, कुठंही न अडखळता. बायको वाट बघतेय हेसुद्धा.

रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "हे मला नाही, तिला सांग."

सकाळपासून तिला पत्र लिहायला बसलोय. परक्या भाषेत एका दमात बोललो, आणि आपल्या भाषेत तिच्यापुढे एक ओळ सुचत नाही. म्हणून तुला लिहिलं. तू तिला काही बोलू नकोस, ताई. मीच सांगेन. कसं, ते माहीत नाही.

तुझा, सगळं येऊनही गप्प बसलेला,
ठोंब्या