ओढ का मेली

१२ फेब्रुवारी २००८
लाकडी धम्मचक्राचे सहा आरे झाले. चोवीस पाहिजेत. बुद्धपौर्णिमेला गल्लीतल्या विहारात लावायचंय, शब्द दिलाय. फौंड्रीत जन्मभर ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे लाकडी नमुने, हातानं केले, आता हात थरथरतो म्हणून हे मशिन जोडलं. कॉम्प्युटर सांगतो, मशिन कोरतं. धूळ मात्र सगळ्या घराच्या बोकांडी. शकू म्हणाली, "पिठात भुसा का भुशात पीठ, ते तरी सांगा!" हसली, मग खोकली. बायको कधी तक्रार करत नाही, टोमणा मारते.

१९ फेब्रु.
धूळ ओढायला घरचा व्हॅक्युम क्लीनर मशिनला जोडला. कटरभोवती ब्रश, मधे रंगाची रिकामी बादली. जड भुसा बादलीत गोल फिरून तळाला बसतो, बारीक पुढं व्हॅक्युमच्या पिशवीत. कागदी पिशवी कुठं मिळाली नाही, शकूनं जुन्या सुती साडीची शिवून दिली. पाईपच्या तोंडाशी कागद धरला. नुसता लोंबला. ओढच न्हाय!
जेवलो नाही.

२३ फेब्रु.
काटकोनी एल्बो काढून हलके वाक टाकले. पाईप चार हात कमी केला. सांध्यांना सायकलची ट्यूब. कागद फाट्कन चिकटला. नादखुळा!
शकू : "ओढ मेली की तुमचं तोंड उतरतंय. ऱ्हाऊ दे बाबा जित्ती."

९ मार्च
दोन आठवडे झाले, ओढ तसूभर कमी नाही. पिशवी उघडायची पण गरज पडली नाही. शेजारच्या आण्णांना बोलावून फरशीवर हात फिरवून दाखवला, बोटाला काही नाही. "मानलं मिस्त्री," म्हणाले. मी फुगलो. शकू मागं परड्यात खोकत होती. म्हणाली, "हवा बदललीया." मीपण व्हय म्हटलं.

१५ मार्च
विहाराच्या तिसऱ्या पायरीवर शकू खाली बसली. श्वास मिळेना. ओठ निळे.
डॉ. म्हणाले, दमा. घरात धूळ? मी छातीठोक सांगितलं, न्हाय, फरशी बघा येऊन. डॉ. : "फरशीवर पडते ती तुम्ही झाडता. पडतच नाही ती छातीत जाते. पिशवी कसली आहे?"
साडीची. मी औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

१६ मार्च
शकूला मुरगूडला तिच्या बहिणीकडं सोडलं. महिनाभर तरी. घर खायला उठतंय.

२६ मार्च
अठरावा आरा. ओढ मेली. सांधे बघितले, बादलीचं झाकण बघितलं, पाईप सोडून फुंकला. शेवटी पिशवी उघडली. गच्च. दहा दिवसांत भरली.
मग आधीचे तीन आठवडे का भरली नाही?

२७ मार्च
शकूला फोन केला. "अवं, मीच झटकत हुतो की रोज. तुम्ही विहारात गेला की परड्यात न्यायची, पदर तोंडाला लावायचा."
सांगितलं का नाहीस?
"काय सांगायचं? ओढ असली की तुम्ही माणसागत बोलताय."
फोन ठेवला आणि रडलो. माझी पाईपलाईन म्हणून मिरवत होतो. मूर्ख माणूस.

२८ मार्च
पिशवी झटकून परत लावली. दाराच्या उन्हात मशिन चालू केलं. व्हॅक्युमच्या मागनं नुसता धुळीचा धूर. दिसत नव्हती ती सगळी घरातच होती. बंद केलं, वर चादर टाकली.

८ एप्रिल
विहारातली माणसं येऊन गेली. "मिस्त्री, पौर्णिमा आली की." हातानं करून बघितलं. पटाशी सटकली, आऱ्याचा टवका उडाला. हाताला शिव्या घालून काय उपयोग.
व्हॅक्युमचा वारा बाहेर सोडावा म्हटलं, तर भिंतीपलीकडं आण्णांची सून बाळ घेऊन बसते.

२० एप्रिल
मुरगूडला जाऊन आलो. शकू कट्ट्यावर शेंगा फोडत होती. एका दमात सबंध वाक्य बोलली. किती दिवसांनी ऐकलं. तिच्या बहिणीनं विचारलं, "दाजी, कवा नेताय?" मी चहा पीत राहिलो.
शकू हळूच : "ओढ हाय न्हवं?"
कशाची विचारते, कळेना. "हाय की," म्हटलं.
निघताना हातात पुडकं दिलं. यष्टीत उघडलं. नवी पिशवी. कापड ओळखलं. लग्नातली पांढरी साडी, दुपदरी करून, बारीक टीप मारून शिवलीय. दोन पदर म्हणजे धूळ गाळली जाईल, असं वाटतं तिला.
लावली तर ती परत आल्यावर झटकणार. नाही लावली तर विचारणार, का न्हाय लावली?
सहा आरे राहिलेत. पिशवी मशिनवर ठेवलीय, चादरीच्या वर.