छतावरचं मिठागर

रेवदंडा, वैशाख १९३४, संध्याकाळ

मुलाने नव्या घरावर सिमेंटचा सलॅप घातलाय. तो तडकू नये म्हणून गवंड्याने वर मातीचे बांध घालून पाणी साठवलंय. अगदी ह्यांचं मिठागर! हे गेल्यापासून मी तिकडे फिरकले नाही. पाणी सुकायची वाट बघण्यात ह्यांचा जन्म गेला. आणि मी इथे ते सुकू नये म्हणून कळशा ओततेय.

गवंडी म्हणाला, "आये, सलॅप पक्का झाला. उद्या बांध फोडतो."

"राहू दे अजून."

"का? वर मीठ पिकवायचं हाय का?"

हसले खरी. पण बांध फुटला की हेही मिठागर गेलंच ना?

तो गेल्यावर वर चढले. पाण्यात आभाळ उतरलं होतं. ह्यांच्यासारखं बोट बुडवून चाखलं. गोडं पाणी. तरी काठाला पांढरं धरलंय का, ते अंधार पडेपर्यंत बघत बसले.